रिकामं जातं फिरवू नये: घरातल्या बारशापासून बाराव्यापर्यंतच्या गाण्यांचा अल्बम कसा करायचा

चार वर्षांपूर्वी गणपतीला गावी गेलो तेव्हा मोठ्या उत्साहात आजीसमोर मोबाईल धरला आणि म्हटलं, आजी, तुझी जुनी गाणी म्हण ना, रेकॉर्ड करतो. ती म्हणाली, "माका गाणीबिणी काय येणत नाय, तुका कोणी सांगल्यान?" विषय संपला. आणि हीच बाई मागीलदारी कुळीथ दळताना तासभर ओव्या म्हणत असते, हे आमच्या अख्ख्या वाडीला माहीत आहे.

तेव्हापासून चुकत-माकत शिकत आता आमच्या घरचा एक अल्बम झालाय, जन्मापासून मरणापर्यंतच्या गाण्यांचा, पंचेचाळीस मिनिटांचा. बऱ्याच जणांनी विचारलं कसा केला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. देवगड तालुक्यातलं गाव आहे आमचं, त्यामुळे उदाहरणं तिकडची येतील, पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणालाही हे करता येईल.

आधी यादी, पण गाण्यांची नको

पहिली चूक सगळेच करतात ती म्हणजे गाण्यांची यादी मागतात. गाणी अशी नावानिशी कुणाच्या लक्षात नसतात, ती प्रसंगाला चिकटलेली असतात. म्हणून वहीत प्रसंग लिहा. बारसं. मुलगी न्हाती झाली तेव्हाचं काही असेल तर ते. गौरी-गणपतीतली फुगडी-झिम्मा. लग्न, आणि लग्नाचेच चार-पाच तुकडे होतात, घाणा भरणं (लग्नाआधी हळद-धान्य कुटायचा विधी), हळद, मंगलाष्टकं, विहिणीची पंगत, मुलगी पाठवणं. मग रोजच्या कामाची, म्हणजे दळण, भातलावणी, समुद्राकाठची वाडी असेल तर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना ताल धरून घातलेली हाळी. गावाची म्हणून शिमगा, नमन-खेळ्यांचं लोकनाट्य, जाखडीचा नाच, आमच्याकडे देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे गावाने मिळून देवाला घातलेलं साकडं. म्हातारपणी भजन. शेवटी दहावं-बारावं.

गाऱ्हाणं हे गाणं नाही असं म्हणाल, बरोबर आहे, पण "व्हय महाराजा" हा सगळ्या गावाचा एकत्र आवाज रेकॉर्ड झाला की कळतं की तो नसता तर अल्बममध्ये गाव आलंच नसतं. मी तरी ठेवला.

यादी झाली की प्रत्येक प्रसंगासमोर लिहा की हे आता कोण म्हणतं. निम्म्या ठिकाणी रिकामी जागा राहील. त्या रिकाम्या जागांना घाबरू नका, पुढे त्या भरतात.

कुणाकडे जायचं

फक्त स्वतःच्या आजीवर थांबू नका. एकाच गावात वाडी बदलली की हळदीचं गाणं बदलतं, चाल तीच आणि शब्द वेगळे, किंवा उलट. रायगडकडे आगरी-कोळी समाजात लग्नात धवळे म्हणायला धवलारीण असते, लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर पुढे सरकतात, तिच्याकडे गेलात तर एका बैठकीत अर्धा अल्बम मिळेल. (धवळे हा प्रकार किती जुना तर महानुभाव पंथातल्या कवयित्री महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, आणि तेही लग्नाचेच.) रत्नागिरीकडे जाखडीचे शाहीर आणि सिंधुदुर्गात भजनी बुवा, डबलबारीवाले (दोन बुवांचा भजनाचा सामना करणारे), हे सगळे गाणारे लोक आहेत, त्यांना संकोच नसतो, उलट थांबवावं लागतं.

पैशाचं सांगतो. घरच्या बाईला पैसे देऊ नका, ती दुखावेल, तिला साडी-चोळी किंवा मुंबईहून नेलेला खाऊ द्या. धवलारीण, बुवा, सनईवाले यांचं मात्र ते काम आहे, मानधन आधी विचारा आणि द्या, "आपलंच आहे ना" असं म्हणून फुकटात उरकू नका. आणि रेकॉर्ड करतोय, कुणाकुणाला पाठवणार, हे सुरुवातीलाच सांगा. लपून रेकॉर्डिंग अजिबात नको.

कधी

आपण चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात जातो, आणि दोन्ही वेळा तशा गैरसोयीच्या. गणपतीत घरात पंचवीस माणसं, पावसाची सर आली की पडवीच्या पत्र्यावर असा आवाज होतो की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. जमलं तर दिवाळीनंतर जा. हवा कोरडी, घरं शांत, पेजेनंतर सकाळी दहा ते बारा किंवा दिवेलागणीनंतर. दुपारी तीनला कावळे, चारला मासेवालीचा भोंगा. लाईट गेली तर वैतागू नका, लगेच रेकॉर्डिंग सुरू करा, कारण फ्रीज, पंखा, शेजारचा टीव्ही, पंप सगळं एकदम गप्प होतं, माझी सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग लाईट गेलेली असतानाचीच आहेत.

सामान आणि मांडणी

महागडं काही लागत नाही. मोबाईल, एक कॉलर माईक, कानात घालायचे वायरवाले इयरफोन, पॉवर बँक. बस.

मोबाईलमध्ये रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूएव्ही फॉरमॅट निवडा, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. नेहमी जे एम४ए किंवा एमपी३ होतं त्यात आवाज दाबून लहान केलेला असतो, नंतर साफसफाई करताना तो फाटतो. एका माईकची मोनो डब्ल्यूएव्ही मिनिटाला साधारण ५ एमबी खाते, स्टिरिओ दुप्पट, म्हणजे तासाभराला मोनोत तीनशे-सव्वातीनशे एमबी. जागा आधी मोकळी करून ठेवा, लग्नाचे व्हिडिओ डिलीट करत बसायची वेळ आजी रंगात आल्यावर येऊ नये.

एअरप्लेन मोड लावा. हे विसरलात तर सगळ्यात चांगल्या ओवीच्या मध्ये बँकेचा लोनवाला फोन येणारच.

खोली कुठली, यावर खूप अवलंबून आहे. चिऱ्याच्या भिंती आणि खाली आता नवीन बसवलेल्या चकचकीत फरशा, यात आवाज घुमतो. शेणाने सारवलेली जमीन आणि वर कौलं असं माजघर अजून शिल्लक असेल तर तुम्ही नशीबवान, तिथेच बसा. नसेल तर गोधड्या काढा, एक खाली अंथरा, दोन मागच्या दोरीवर टाका, घुमणं बऱ्यापैकी जातं. माईक तोंडापासून एक-दीड फुटावर आणि जरा बाजूला, अगदी समोर धरला तर प आणि फ म्हणताना फुंकर बसते. फ्रीज बंद करा आणि बंद केल्यावर घराची किंवा गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना चावी शोधताना आठवेल की फ्रीज चालू करायचाय. आमच्याकडे एकदा विसरलो आणि दोन किलो बांगडे गेले, ते मला अजून ऐकवतात.

सुरू करायच्या आधी वीस सेकंद कुणीही न बोलता नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवा. हे पुढे उपयोगी पडतं. मग वीस सेकंद गप्पा रेकॉर्ड करून इयरफोनने ऐका. ॲपमध्ये आवाजाची पट्टी दिसत असेल तर मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या, शून्याला टेकला की फाटला, आणि फाटलेलं परत शिवता येत नाही. शिमग्याच्या ढोलाला हे विशेष लागू, पालखीजवळ घुसून रेकॉर्ड करू नका, चांगलं वीस-पंचवीस फूट लांब राहा.

समुद्राजवळ घर असेल तर गाज येणारच. येऊ द्या. कितीही प्रयत्न केला तरी ती पूर्ण निघत नाही आणि काढली तर घर दुसरीकडेच कुठेतरी बांधल्यासारखं वाटतं.

विचारायचं कसं

इथे सगळं ठरतं, त्यामुळे जरा सावकाश सांगतो.

मी दुसऱ्या वर्षी शहाणपणा केला, आजीला म्हटलं गाणं नको म्हणू, नुसतं जातं फिरव, मला फिरवतानाचा आवाज हवाय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोललोय. "रिकामा जाता फिरवूचा नसता." बरं, मग पाळणा म्हण, माळ्यावरचा जुना पाळणा खाली काढतो, तो हलव. तर त्याहून मोठा गुन्हा, रिकामा पाळणा हलवत नाहीत.

त्यावरून डोक्यात प्रकाश पडला. गाणं हे त्या कामाचंच आहे, आणि काम खरं असावं लागतं. नाटकापुरतं जातं ठेवून चालत नाही, दळायला खरंच काहीतरी पाहिजे. मग बाजारातून पिठी आणायची बंद केली आणि म्हटलं दोन पायली कुळीथ आहेत, पिठी मुंबईला न्यायची आहे. दोघीजणी बसल्या, आजी आणि शेजारची काकी, एकीचा हात खुंट्याला वर, एकीचा खाली. पहिली दहा मिनिटं नुसत्या गप्पा, कोणाच्या सुनेने काय केलं वगैरे. मी काही बोललो नाही, रेकॉर्डिंग चालू. मग जात्याला लय आली आणि काकीने मध्येच सुरू केली, आजीने पुढची ओळ घेतली. चाळीस मिनिटात सतरा ओव्या. त्यात भाऊ, माहेर, पंढरपूर, सासू सगळं, आणि एक ओवी तर आजोबांवर होती, ती आम्ही कुणीच कधी ऐकली नव्हती.

नंतर हौसेने म्हटलं की ती आजोबांवरची ओवी आता नीट शांतपणे परत म्हण, जात्याशिवाय. जमलं नाही. तिचा हात थांबला की ओळ कुठे तोडायची ते तिला कळेना. ओळीची लांबी जात्याच्या फेऱ्याला बांधलेली आहे, वैरण, म्हणजे जात्यात मूठभर धान्य, घालायला हात जातो तेवढा मध्ये श्वास. म्हणून घरघर आली तरी जात्यासकट रेकॉर्ड करा, फक्त माईक जमिनीवर ठेवू नका, जमीन हादरते, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा किंवा कॉलरला लावा.

हाच नियम सगळीकडे लावा. पाळण्यासाठी खरं बाळ लागतं. आमच्या आत्येभावाला मुलगी झाली आणि बारसं गावी ठरलं तेव्हा मी दोन दिवस आधी जाऊन बसलो. पाळण्याच्या गाण्यात पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असं करत बाराव्या दिवसापर्यंत जातात, आजीला सातवा दिवस आठवेना, आणि बायकांत जो गोंधळ झाला, एक म्हणते असं, दुसरी म्हणते आमच्याकडे तसं, शेवटी वेंगुर्ल्याकडून आलेल्या एका मावशीचा सातवा दिवस घेतला. ते भांडणसुद्धा रेकॉर्डिंगमध्ये आहे आणि मी कापलं नाही. वहीत जी रिकामी जागा राहते ती अशी भरते, पाच-सहा बायका एकत्र आल्या की एकीचं विसरलेलं दुसरीला आठवतं. एकटी बसवून विचारलं की आठवत नाही.

घाण्याच्या गाण्याला खरं लग्नघर गाठा. फुगडीला जागरणाची रात्र. भातलावणीच्या गाण्याला तरवा (भाताची रोपं) काढायला स्वतः चिखलात उतरा, दुसरा उपाय नाही, माईक प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि गाणाऱ्याला पट्टी, सूर असलं काही सांगू नका. आमच्या एका हुशार भावाने मोबाईलवर तानपुरा लावला होता, आजीने तो बंद होईपर्यंत तोंड उघडलं नाही.

मरणाच्या गाण्यांचं काय

सगळ्यात अवघड पान हेच. घरात सुखाचे दिवस असताना कुणी ती गाणी म्हणणार नाही, आणि का म्हणावीत? आजीला विचारलं तेव्हा "अवेळी कित्याक ह्या?" एवढंच म्हणाली. बरोबरच होतं तिचं. आणि प्रत्यक्ष कोणाच्या बाराव्याला मोबाईल काढणं तर फारच वाईट, आमच्यात एकाने काढला होता, काकांनी सगळ्यांसमोर झापलं.

मार्ग भजनात मिळतो. तुकोबांच्या "आम्ही जातो आपुल्या गावा" सारखे अभंग अंत्ययात्रेतही म्हणतात आणि एरवी भजनातही म्हणतात, म्हणजे अवेळ होत नाही. एकादशीला किंवा देवळातल्या सप्ताहात बुवांना आधी सांगून ठेवा की हे निरोपाचे दोन-तीन अभंग आज घ्या. पखवाज आणि टाळ जोरात असतात म्हणून माईक बुवांच्या कॉलरला आणि दुसरा मोबाईल देवळाच्या मागच्या खांबापाशी, नंतर दोन्ही जोडायचे. जोडायला सोपं जावं म्हणून सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवा, दोन्ही फायलींत ती टाळी एकाखाली एक आणली की झालं.

त्याच रात्री करायची कामं

झोपायच्या आधी, उद्यावर नको. फाईलला नाव द्या, नाहीतर सहा महिन्यांनी "न्यू रेकॉर्डिंग ४७" बघून रडू येतं. मी असं ठेवतो: तारीख, गाव-वाडी, प्रसंग, कोण. दोन कॉपी, एक पेन ड्राइव्हवर आणि एक ऑनलाईन. मी पहिल्या वर्षीचं सगळं रेकॉर्डिंग एका दुकानात मोबाईल रिपेअरला दिला तेव्हा गमावलंय, त्याने विचारलं होतं बॅकअप आहे ना, मी आहे म्हटलं, नव्हतं.

शब्द लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवा. मालवणीतलं शुद्ध मराठीत करू नका. "खय" चं "कुठे" केलं की मात्रा बिघडते आणि आजीचा चेहराही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात बसून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाईटवर आहेत, तिथे जाऊन बघा, ओवीबरोबर ती कोणत्या बाईची आणि कोणत्या गावची हे लिहिलेलं सापडतं. आपणही एवढं केलंच पाहिजे.

जुन्या कॅसेट सापडल्या तर आधी वाजवू नका, कोकणातल्या दमटपणाने त्यात पांढरी बुरशी धरते आणि ती प्लेअरच्या हेडला लागते. जाणकाराकडून साफ करून घ्या.

अल्बम लावणे

ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या. सुरुवातीचे ते वीस सेकंदाचे शांत तुकडे आठवतात ना, ते सिलेक्ट करून नॉईज रिडक्शनमध्ये प्रोफाईल घ्यायचं आणि मग पूर्ण फाईलला लावायचं. हात राखून लावा. जास्त लावलं की आजी विहिरीत बसून गातेय असं वाटतं. श्वास, खोकला, बांगड्या राहू द्या.

आता क्रम. माझ्याकडे अकरा तासांचं होतं, त्यातून पंचेचाळीस मिनिटं काढली, कारण त्याहून मोठं घरातलं कुणी सलग ऐकत नाही. जन्म, लग्न, म्हातारपण, मरण असं सरळ लावलं आणि घरी ऐकवलं तर शेवटी सगळे गप्प, आत्या डोळे पुसतेय, आणि कुणी परत लावायला तयार नाही. फसलं होतं.

मग जरा मोठ्यांचं बघितलं. गदिमा-बाबूजींचं गीतरामायण, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, दर आठवड्याला एक करत ५६ गाणी. अख्खं आयुष्य आहे त्यात, पण पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर गायला लागलेत आणि शेवटच्या गाण्यात वाल्मीकी त्याच पोरांना सांगतात की जा, हे गा. म्हणजे शेवट परत सुरुवातीच्या दारात. तिकडे विलायतेत पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' मध्येही हृदयाच्या ठोक्याने सुरुवात आणि त्याच ठोक्याने शेवट. दोन्हीकडे युक्ती एकच.

मीही तेच केलं, निरोपाचा अभंग शेवटून तिसरा ठेवला, त्यानंतर जात्याची नुसती घरघर एक मिनिट, आणि शेवटी बारशाचा पाळणा, भांडणासकट. सुरुवातीला त्याच पाळण्याच्या कड्यांची फक्त करकर. आता लोक दुसऱ्यांदा लावतात.

गाळताना एकच निकष ठेवला, चांगला गळा हा नाही, तर कुठलं गाणं परत कुणी म्हणणार नाही ते, म्हणजे तेच आधी ठेवायचं. शिमग्यातल्या फागांचं मात्र बघून घ्या, काही इतके चावट आहेत की मी वेगळा फोल्डर केला, तो फक्त मोठ्यांना.

वाटणे

व्हॉट्सॲपवर साधं ऑडिओ म्हणून टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून जोडा म्हणजे आहे तसं जातं. गाडीत लावणाऱ्यांना पेन ड्राइव्हवर एमपी३ द्या, म्हाताऱ्या माणसांना ॲप नको असतं. ऑनलाईन टाकणार असाल तर पारंपरिक गाण्यावर कुणाची मालकी नाही, पण हल्लीची बरीच जाखडी आणि हळदीची गाणी सिनेमाच्या चालीवर असतात, तिथे मालकी असते. आपल्याकडे कवी-संगीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आणि गाणाऱ्या बाईला परत एकदा विचारा, घरात पाठवणं वेगळं आणि जगाला ऐकवणं वेगळं. आमच्या काकीने नाही म्हटलं, तिच्या ओव्या घरातल्या कॉपीतच आहेत.

गेल्या गणपतीत पेन ड्राइव्ह वाटले. आठवड्याने वेंगुर्ल्याच्या त्या मावशीचा फोन, की सातवा दिवस मी घाईत चुकीचा सांगितला, बरोबर वाला माझ्या जाऊबाईला येतो, पण ती काम असल्याशिवाय बसत नाही. त्यांच्याकडे फेब्रुवारीत कुळीथ निघतात. तिकीट काढलंय.